हनुवटीवरचा स्वल्पविराम

दि. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

काल दुपारच्या फेरीनंतर मला लाँचच्या सुकाणूवरून उतरवलं. बातमी पक्की आहे. वाहतूक साहेबांनी स्वतः केबिनच्या दारात येऊन सांगितली, आणि सांगताना ते माझ्या डोळ्यांकडे न बघता हनुवटीकडे बघत होते. चौकशी होईपर्यंत मी तिकिटाच्या खिडकीत बसायचं आहे. आज सकाळी बसले. रोजचे उतारू वाकून वाकून बघत होते की ही इथे काय करतेय. तिकडे नदीवर माझी लाँच दुसराच कुणीतरी चालवत होता. धक्क्याला लावताना त्याने ती अशी आपटली की माझीच दाढ दुखल्यासारखं झालं.

कारण तुला ठाऊक असेलच. नसेल तर सांगते. रविवारच्या पुरवणीत तुझं ‘खुणा’ नावाचं सदर सुरू झालं ना, लोकांच्या अंगावरचे व्रण आणि त्यामागच्या दारूच्या गमती, त्यातला पहिला लेख आमच्या इंजिनवाल्याच्या बायकोने वाचला. बँकेतली एक बाई, मैत्रिणीकडचं दुपारचं जेवण, जरा जास्त झालेली, तरी स्कूटर स्वतः चालवत निघालेली. कापडाच्या दुकानाबाहेर पुसायला काढून ठेवलेला प्लास्टिकचा पुतळा तिला जिवंत माणूस वाटला, त्याला वाचवायला तिने गाडी वळवली आणि आपटली. हनुवटीतून रक्त वाहत असताना ती त्या पुतळ्याची हात जोडून माफी मागत बसली. बँक चांगली शोधलीस. नाव नाही, गाव नाही. पण शेवटच्या ओळीत लिहिलंस की तिच्या हनुवटीवर अजून स्वल्पविराम आहे.

अरे, हा शब्द बाबांचा. माझी जखम पुरती भरून व्रण तेवढा उरला तेव्हा चष्मा कपाळावर चढवून त्यांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, पूर्णविराम व्हायचा तो स्वल्पविरामावर भागलं. तेव्हापासून घरात तोच शब्द. इथे धक्क्यावर तो मीच पसरवला. हनुवटीला काय झालं असं कुणी विचारलं की मी सांगते, स्कूटरवरून पडले होते, हा माझा स्वल्पविराम. उतारू मला स्वल्पविरामताई म्हणतात. गेल्या वर्षी तू लाँचवर आला होतास तेव्हा ते ऐकून पोट धरून हसला होतास. मग आता आठवलं नाही असं म्हणू नकोस.

आज डबा घ्यायला केबिनमध्ये गेले, तर माझ्या स्टुलावर कुणीतरी दुकानातला पुतळा आणून बसवला होता, लाइफ जॅकेट घालून. सगळे हसत होते. मीही हसले, काय करणार.

आता महत्त्वाचं. नोकरीला लागताना इथल्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं की दारू पिऊन कधी वाहन चालवलंय का. मी नाही म्हटलं. साहेब म्हणतात, ते उत्तर खोटं ठरलं तर प्रवाशांची लाँच मला पुन्हा मिळणार नाही, इथे नाही आणि दुसऱ्या कुठल्याही धक्क्यावर नाही. चौकशी चोवीस तारखेला, मंगळवारी आहे. लेख लिहिणाऱ्याने समक्ष येऊन सांगावं, असं त्यांचं म्हणणं आहे.

तू ये. काय सांगायचं ते तुला माहीत आहे.

तुझ्या सौ.ला, धाकटीला, अजून काही लिहिलेलं नाही, उगाच तुझ्यावर चिडेल. तिला आशीर्वाद. लोभाचं नेहमीचं वाक्य या वेळी मागे ठेवते. आधी तुझं उत्तर येऊ दे.

तुझी,
ताई

---

दि. ७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाया पडतो, दोन्ही कान पकडतो आणि मग मुद्द्यावर येतो. तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. तुझ्या साहेबांना एवढा वेळ असतो का गं, की रविवारच्या पुरवण्या वाचून लोकांच्या हनुवट्या तपासत बसावं?

झालं असं. ‘खुणा’साठी आम्ही वाचकांकडून पत्रं मागवली होती. आली ती सगळी शाळेत गुडघा फुटल्याची, आणि एक तर मांजराने ओरबाडल्याचं. दारूचं नाव कुणी काढायला तयार नाही. गुरुवार आला, अर्धं पान पांढरं आणि संपादक खुर्चीमागे उभे. अशा वेळी माणसाला जे जवळचं असतं तेच आठवतं. लाँच काढली, बँक घातली. नावाचा तर प्रश्नच नव्हता. तो शब्दही काढणार होतो, तुझी शपथ. पेन टेकवलं होतं त्यावर. पण ताई, तो काढला असता तर लेखाला शेवटच उरत नव्हता. संपादकांनी ती ओळ सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. अख्खी पुरवणी माझ्याकडे द्यायची बोलणी चाललीत. म्हणजे तुझ्या हनुवटीने माझं कल्याण केलं म्हण.

चोवीसला येणं कठीण दिसतं. पुरवणीचं ठरायचं त्याच आठवड्यात आहे, आणि मी जागेवर नसलो तर माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले पुष्कळ आहेत. साहेबांना एखादं पत्र पाठवतो. तुझ्यासारखी चालक त्यांना मिळणार आहे का? आठ दिवसांत सुकाणू तुझ्या हातात देतील आणि वर चहा पाजतील.

एक कळलं नाही. काय सांगायचं ते तुला माहीत आहे, असं तू लिहिलंस. मला खरंच उमगलं नाही. गाडी तू चालवत होतीस असं तूच बाबांना सांगितलंस, अंगणात उभी राहून, माझ्यादेखत. घरात इतकी वर्षं तेच चालत आलंय. मी पदरचं काही घातलेलं नाही.

प्रकृतीला जप. खिडकीत वारा लागतो, गळ्याला काहीतरी गुंडाळत जा. रागावलीस तरी चालेल, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा

---

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र खिडकीत वाचलं. वाचता वाचता एका म्हाताऱ्याला मी पलीकडच्या काठाऐवजी अलीकडच्याच काठाचं तिकीट फाडून दिलं. तो बिचारा विचारत होता की मी आहे तिथेच आहे, मग जाऊ कुठे.

तुला उमगलं नाही, म्हणून सगळं लिहिते. तुझ्या मित्राने दुसऱ्या गावी नोकरी लागली म्हणून जेवायला बोलावलं होतं. प्यायले मीही, तू त्याहून जास्त. मी म्हटलं, गाडी इथेच राहू दे, चालत जाऊ. तू म्हणालास की बाबांची स्कूटर परक्याच्या दारात ठेवली तर बाबा प्रश्न विचारतील. किल्ली तुझ्या हातात होती, हँडल तुझ्या हातात होतं. मी मागे बसले होते. पुतळा तुला माणूस वाटला. मला तर तो दिसलाही नव्हता, माझ्यापुढे तुझी पाठ होती. आणि पडल्यावर, बाई, तुम्हाला लागलं नाही ना, असं त्या पुतळ्याला विचारत होतास तो तू. माझ्या हनुवटीला रुमाल लावायला कापडवाला धावला. तू तोवर पुतळ्याचा पदर सारखा करत होतास.

बाबांनी त्याआधी एकदा तुला पिऊन आलेलं पकडलं होतं. पुन्हा त्या अवस्थेत गाडीला हात लावलास तर या घरात राहायचं नाही, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि बाबा सांगायचे ते करायचे. छापखान्यातली तुझी पहिली नोकरी सोमवारी सुरू व्हायची होती. म्हणून अंगणात मी पुढे झाले आणि म्हटलं, गाडी मी चालवत होते. तुझ्या हातातून रक्त येत होतं, तर ते गाडी उचलताना लागलं असं सांगितलं. बाबा माझ्याशी कित्येक महिने बोलले नाहीत. स्वल्पविरामाचा विनोद त्यांनी केला तो त्यांचं बोलणं पुन्हा सुरू होण्याचा दिवस होता, म्हणून तो शब्द मला इतका आवडतो. तू अंगणात मान खाली घालून उभा होतास. मला तेव्हा वाटलं, शरमेने. आता वाटतं, सुटलो म्हणून.

डॉक्टरांना मी खरं उत्तर दिलं होतं. पिऊन मी कधी गाडी चालवली नाही. तुझ्यासाठी बोललेलं खोटं तू माझ्यावरच उलटवलंस आणि वर म्हणतोस पदरचं काही घातलं नाही. केसाने गळा कापतात म्हणजे काय ते मला आता कळलं. आणि खरं सांगू? मला सर्वांत जास्त ती माफी लागली. ती तुझी गंमत होती. इतकी वर्षं ती आठवून मी एकटी हसायचे, कुणाला सांगायचे नाही, कारण सांगितली असती तर हँडल कुणाच्या हातात होतं ते उघडं पडलं असतं. तीसुद्धा तू माझ्या नावावर केलीस.

मंगळवारी ये आणि एवढंच सांग की गाडी तू चालवत होतास. एवढं बोलून तुझी जीभ झडणार नाही, पण माझी लाँच मला परत मिळेल.

अजूनही तुझीच,
ताई

---

दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला स्वतंत्र पत्र मी आजवर कधी लिहिलं नाही, त्यामुळे अक्षर पाहून बिचकाल. ह्यांना हे पत्र ठाऊक नाही. तुमच्या चौकशीचं ह्यांच्या तोंडून कळलं. ताईचे साहेब फार खडूस आहेत, एवढंच सांगून हे आंघोळीला गेले.

मी रविवारी लेख वाचला तेव्हा हसले होते. मग या आठवड्यात रोज थोडं थोडं हसू जात राहिलं. गेल्या वर्षी प्रयोगशाळेत जाताना मी स्कूटरवरून पडले होते, आठवतंय का? उजव्या हाताच्या अंगठ्याशी, तळव्याच्या खोबणीत ब्रेकची दांडी घुसली होती. घरी पट्टी बांधताना ह्यांनी स्वतःचा हात पुढे केला आणि म्हणाले, बघ, माझीही खूण तिथेच आहे. छापखान्यातल्या कागद कापायच्या यंत्राने झाली होती म्हणे. दोघांची खूण एकाच जागी, याचं मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं. आता माझा व्रण जुना झाला तसा तो ह्यांच्यासारखाच दिसायला लागलाय. ताई, तिथे लागतं ते ब्रेक ज्याच्या मुठीत असतो त्याला. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझ्या हाताने कळलंय.

तुम्हाला हे विचारायचं कारण वेगळं आहे. माझ्या वडिलांची दारू मी लहानपणी पाहिली. म्हणून लग्नाआधी मी ह्यांना एकच प्रश्न विचारला होता. ह्यांनी सांगितलं की मी कधी थेंबाला शिवलो नाही, आमच्या घरात फक्त ताईचं तसं आहे, तिच्या हनुवटीकडे बघितलंस ना? तसं आहे, असं म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवला. तुमच्याकडे मी राहायला येत नाही, आले तरी संध्याकाळच्या आत निघते, त्याचं कारण ते.

ह्यांच्या हातावरची खूण त्याच दिवसाची आहे का? मला खरं कळवा. तुम्ही खोटं सांगणार नाही असं आज पहिल्यांदाच वाटतंय, आणि इतक्या उशिरा वाटावं याची लाजही वाटते.

काही चुकलं असेल तर पोटात घाला.

आपली,
धाकटी

---

दि. १६ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यावर मी खिडकी थोडा वेळ बंद ठेवली. बाहेर रांगेतल्या लोकांनी फळीवर थापा मारल्या, पण इलाज नव्हता.

तू पहिल्यांदा माझ्याकडे आलीस तेव्हा मी तुला पाणी दिलं, आणि पेला तोंडाला लावायच्या आधी तू त्याचा हळूच वास घेतलास. मी पाहिलं होतं. मला वाटलं, मी पेला नीट धुतला नव्हता. तेव्हापासून तू यायची असलीस की मी सगळी भांडी दोनदा घासते. तू शिष्ट आहेस असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. बघ, त्याच्या एका वाक्यावर आपण दोघी इतकी वर्षं कशा चाललो.

लग्नाआधी त्याने तुला काय सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, रिकामं पान भरायच्या घाईत त्याच्याकडून झालं. पण तुझं लग्न व्हायच्या आधीपासून तो मला वापरत होता. बाबांना मी एकदा खोटं सांगितलं, ते त्याने वापरत वापरत चांगलं मऊ करून घेतलंय.

त्या दिवशी मी प्यायले होते आणि मागच्या सीटवर बसले होते. माझ्याविषयीचं माझं मी सांगितलं. त्याचा हात त्याचा आहे, त्याविषयी त्यालाच विचार. मी सांगितलं तर तो म्हणेल ताईने कान भरले.

पेल्याचं मनावर घेऊ नकोस. भेटलीस की दोघी हसू.

तुझी,
ताई

---

दि. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू हे असं करशील असं वाटलं नव्हतं. ही माझा हात हातात घेऊन बसली, दिव्याखाली धरला आणि विचारलं, ही कसली खूण. मी म्हटलं यंत्राची. मग म्हटलं खिळ्याची. मग काय म्हटलं ते मलाच आठवत नाही. आता ती बाहेरच्या खोलीत झोपते आणि माझ्याशी फक्त दुधाचं आणि गॅसचं बोलते. तू तिला काही कळवलं नाहीस असं ती म्हणते. दोघी एक झालात, आणखी काय.

तरी मी माझं कर्तव्य केलंय. तुझ्या साहेबांना परवाच पत्र टाकलं. लेखातली बाई खरोखर बँकेतच आहे, तिचा माझ्या बहिणीशी काडीचा संबंध नाही, आणि हा खुलासा मी ताईच्या विनंतीवरून करत आहे, असं छान शब्दांत लिहिलंय. तू फक्त हो म्हण. बँकेतली बाई आहे म्हण. स्वल्पविराम काय, कुणाच्याही हनुवटीवर असू शकतो.

एवढी एकच गोष्ट मागतो तुझ्याकडे, की मी चालवत होतो हे सांगू नकोस. पुरवणीचं ठरल्यात जमा आहे. सदर खऱ्या गोष्टींचं आहे, आणि पहिलीच गोष्ट फिरवून लिहिली हे बाहेर आलं तर मला पुरवणी सोडाच, ओळी मोजायलाही ठेवणार नाहीत. शिवाय घर. तुला काय, तुला लोक मानतात. वाईटात वाईट म्हणजे खिडकीत बसावं लागेल, तिथे निदान ऊन लागत नाही. पूर्वी एकदा तू मला सांभाळून घेतलं होतंस. आता एकदाच, शेवटचं.

बाबा असते तर तेही म्हणाले असते की भावंडांनी एकमेकांना उघडं पाडू नये.

मोठेपणा दाखवशील या आशेवर असलेला,
धाकटा

---

दि. २१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र साहेबांना मिळालं. काल त्यांनी मला बोलावून ते वाचून दाखवलं आणि ‘ताईच्या विनंतीवरून’ या शब्दांवर बोट ठेवून विचारलं की हे तुम्ही लिहवून घेतलंत का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, बँकेचं नाव द्या, बाईला बोलावू. आधी माझ्यावर दारूचा आळ होता, मग खोटं बोलल्याचा, आता साक्षीदार पढवल्याचाही आला. साहेब वाईट माणूस नाही. ते म्हणाले की तुम्ही लाँच उत्तम चालवता, पण शब्दाची खात्री नसलेल्या माणसाच्या हाती मी एवढी माणसं कशी देऊ. मला त्यांचा राग आला नाही. तेच वाक्य मी दिवसभर तुझ्याविषयी म्हणत होते.

खिडकीत ऊन लागत नाही, हे तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू लाँचवर आला होतास तेव्हा नदीच्या मध्यावर, जिथे प्रवाह दोन बाजूंनी ओढतो तिथे, मी तुला सुकाणूवर हात ठेवायला दिला होता. तू म्हणाला होतास की हे जिवंत आहे गं. मला वाटलं होतं, तुला कळलं. ज्याला कळलं तो असं लिहीत नाही.

बाबांना मध्ये आणू नकोस. उघडं पाडायचं नसेल तर छापायचंही नसतं. आणि सांभाळून घेण्याचं म्हणशील, तर मी तुला एकदा नाही, रोज सांभाळत होते. हनुवटीला काय झालं असं जो जो विचारेल त्याच्यासमोर. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तुला कळत असेल असं धरून चालले होते.

आता ठरलेलं सांगते, म्हणजे तुला धक्का बसायला नको. मंगळवारी साहेब मला विचारतील की गाडी कोण चालवत होतं. मी सांगेन की मी प्यायले होते, मागे बसले होते, आणि गाडी माझा भाऊ चालवत होता. बाबांना मीच उलटं सांगितलं होतं, हेही सांगेन. माझ्याजवळ पुरावा नाही. बाबा नाहीत, कापडवाल्याच्या दुकानाच्या जागी आता दुसरंच काही आहे. तू आलास आणि हो म्हणालास तर त्याच दुपारी मी माझ्या लाँचवर असेन. नाही म्हणालास तर साहेबांना आपल्या दोघांतल्या एकावर विश्वास ठेवावा लागेल, आणि लेखी असलेलं तुझं आहे. आला नाहीस तर ते पत्रच तुझं म्हणणं धरतील, असं त्यांनी मला आधीच बजावलंय.

धाकटी सोमवारी इथे येते आहे, राहायला. तिला साहेबांसमोर काय बोलता येईल ते मला ठाऊक नाही. ती म्हणते, काही नाही तर शेजारी बसेन. तुला तिने सांगितलं असेलच, किंवा दुधाच्या आणि गॅसच्या बोलण्यात राहून गेलं असेल. ती विचारत होती की गाडीत तुझ्यासाठीही जागा धरायची का. मी तिला लिहिलंय की धर.

लोभ असावा हे वाक्य मी आयुष्यभर हात वळेल तसं लिहीत आले. या वेळी ते मंगळवारपर्यंत लिहीत नाही. तिच्या शेजारची जागा भरलेली होती की रिकामी, हे गाडी आली की मला धाकटीच्या चेहऱ्यावरूनच कळेल.

तुझी,
ताई